लोकलला वरचा मजला का चढवत नाहीत?

मुंबईच्या लोकलमधील गर्दीची बातमी छापून आली की पुढच्या काही दिवसांत वाचकांच्या पत्रांत एक सूचना हमखास येते: लोकलला वरचा मजला चढवावा, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या गाडीत जवळजवळ दुप्पट माणसे मावतील. ही सूचना करणाऱ्यांना अजाण म्हणता येत नाही. बेस्टची दुमजली बस त्यांनी पाहिलेली असते, त्यांच्यापैकी अनेकांनी सिंहगड एक्सप्रेसच्या किंवा फ्लाइंग राणीच्या दुमजली डब्यातून प्रवास केलेला असतो, आणि पॅरिस, सिडनी, झुरिक अशा शहरांत रोज कामाला जाणारी माणसे दुमजली गाड्यांतूनच ये-जा करतात हेही त्यांच्या कानावर असते. त्यामुळे ‘आपल्याकडे ते जमणार नाही’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणे बरोबर नाही. जमणार नसेल तर नेमके काय जमत नाही, हे समजून घेतले पाहिजे.

पहिला अंदाज बहुतेकांचा एकच असतो, तो म्हणजे डोक्यावरची विजेची तार. लोकल २५,००० व्होल्टच्या ओव्हरहेड वायरवर चालते, वायरच्या फार जवळ गेले तरी प्रवाह उडी मारू शकतो, आणि मुंबईतील जुने रस्तेपूल इतके ठेंगणे आहेत की त्यांच्याखाली वायर आणखी खाली ओढून बांधावी लागते. अडचण खरी आहे, परंतु ती निर्णायक नाही. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवलेल्या मालगाड्या विजेच्या इंजिनाने ओढल्या जातात. तेथे वायर रुळांपासून सुमारे साडेसात मीटर उंचीवर टांगलेली आहे, म्हणजे नेहमीच्या साडेपाच मीटरपेक्षा दोन मीटर वर. पैसा, वेळ आणि नवे पूल एवढी तयारी असेल तर उंचीचा प्रश्न सुटतो, हे त्या मार्गाने दाखवून दिले आहे. फरक इतकाच की कंटेनरला दादरला उतरायचे नसते.

शिवाय दुमजली डबा साध्या डब्याच्या दुप्पट उंच असतो ही समजूतच चुकीची आहे. भारतात २०११ मध्ये हावडा–धनबाद मार्गावर जी वातानुकूलित दुमजली गाडी सुरू झाली, तिचे कपूरथळ्याच्या कारखान्यात बांधलेले डबे नेहमीच्या डब्यांपेक्षा जेमतेम काही इंच उंच होते. मग दुसरा मजला बसला कुठे? साध्या डब्याची जमीन चाकांच्या वर असते आणि त्या जमिनीखाली दोन टोकांच्या चाकांच्या सांगाड्यांमध्ये बरीच मोकळी जागा सुटलेली असते. दुमजली डब्यात हाच मधला भाग खाली खोल नेला जातो, इतका की खालच्या मजल्याची जमीन रुळांपासून थोडीशीच वर राहते आणि फलाटाच्या पातळीच्या बरीच खाली जाते. सिंहगडच्या खालच्या मजल्यावर खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला कर्जतच्या फलाटावरील लोकांची फक्त पावले दिसायची, ती याच कारणाने. डब्याच्या दोन टोकांना मात्र खाली चाके असल्यामुळे जमीन खोल नेता येत नाही, म्हणून तेथे एकच मजला राहतो, आणि गाडीत शिरण्याची दारेही तेथेच ठेवावी लागतात, कारण फलाटाच्या पातळीला जुळणारी जमीन फक्त तेवढीच उरते.

कपूरथळ्याच्या त्या डब्यातील आसनांची वाटणी पाहिली म्हणजे ही रचना डोळ्यांपुढे उभी राहते. वरच्या मजल्यावर ५०, खालच्या मजल्यावर ४८ आणि टोकांच्या मधल्या पातळीवर २२, अशी एकूण १२० आसने त्यात आहेत. त्याच जातीच्या एकमजली वातानुकूलित चेअरकार डब्यात ७८ आसने असतात. म्हणजे मजला दुप्पट झाला तरी आसने वाढली ती दीडपटीच्या किंचित वर, कारण जिन्यांनी आणि टोकांनी आपला हिस्सा घेतला. बसून जाणाऱ्यांच्या गाडीत हा लाभ मोठाच आहे. पण लोकल बसून जाणाऱ्यांची गाडी नाही. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी असतात असे रेल्वेचेच कागद सांगतात, आणि त्या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त तांत्रिक नावही देण्यात आले आहे. डब्याची क्षमता येथे आसनांनी ठरत नाही, ती उभे राहण्याच्या सपाट जमिनीने ठरते. जिन्याच्या पायऱ्यांवर कोणी उभे राहिले तर तो जिना राहत नाही, आणि दोन मीटरच्या आतबाहेर उंची असलेल्या मजल्यावर दाटीवाटीने उभे राहणाऱ्यांना हवा पुरवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. त्यामुळे आसनांच्या हिशेबात दीडपट दिसणारी वाढ एकूण प्रवाशांच्या हिशेबात बरीच आक्रसते.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तो सहसा येत नाही. शहरी रेल्वेची क्षमता एका गाडीत किती माणसे मावतात यावर मोजत नाहीत, तर एका तासात एका रुळावरून किती माणसे जातात यावर मोजतात. दोन गाड्यांमधील अंतर ठरवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत: सिग्नल, ब्रेक लागायला लागणारे अंतर, फलाट रिकामा व्हायला लागणारा वेळ. मात्र गर्दीच्या मार्गावर खरी पकड असते ती सर्वांत मोठ्या स्थानकावर गाडी किती सेकंद उभी राहते याची. मागची गाडी पुढची गाडी फलाट सोडेपर्यंत आत येऊ शकत नाही, त्यामुळे एका स्थानकावर लागलेली जादा सेकंदे सगळ्या मार्गाला लागतात.

लोकल स्थानकावर वीस-तीस सेकंद थांबते. एवढ्या वेळात शेकडो माणसे उतरतात आणि तेवढीच चढतात, हे जगातल्या बहुतेक रेल्वे अभियंत्यांना खरे वाटणार नाही. ते शक्य होते त्यामागे डब्याची बांधणी आहे आणि प्रवाशांची शिस्तही आहे, मग ती बाहेरच्याला कितीही बेशिस्त दिसो. डबा ३.६६ मीटर रुंद, दारे प्रशस्त आणि दारापासून आतपर्यंत एकच सपाट जमीन. दादरला उतरणारा माणूस माटुंग्याच्या आधीच पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘दादर का?’ असे विचारतो. पुढचा उतरणार असेल तर त्याच्या मागे लागतो, नसेल तर दोघे जागा बदलतात, आणि फलाट कोणत्या बाजूला येणार हे सगळ्यांना पाठ असते. गाडी थांबते तेव्हा उतरणाऱ्यांची रांग दारात लागूनच असते. आता याच माणसाला वरच्या मजल्यावर नेऊन बसवा. त्याला आधी जिन्यापर्यंत पोहोचायचे आहे, मग एकेकाने पायऱ्या उतरायच्या आहेत, आणि खाली त्या मधल्या पातळीवर आधीच उभ्या असलेल्या गर्दीतून दार गाठायचे आहे. त्याच वेळी खालच्या मजल्यावरचा प्रवासी पायऱ्या चढून दारासमोरच्या त्याच मोकळ्या चौकात येणार आहे. दोन मजल्यांचे लोक एका दारासमोर एकत्र आल्यावर तो चौक तुंबणार. चाळीतील खोलीला पोटमाळा काढला म्हणजे झोपायला जागा वाढते, पण दार एकच राहते. दुमजली डब्याचे तसेच आहे.

थोडा हिशेब करून पाहू. समजा एका मार्गावर दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते आणि प्रत्येकीत ४,००० प्रवासी असतात. तासाला गाड्या २० आणि प्रवासी ८०,०००. आता गाडी दुमजली केल्यामुळे दादरसारख्या स्थानकावरचा थांबा तीस सेकंदांनी लांबला, तर दोन गाड्यांमधील अंतर साडेतीन मिनिटे होईल आणि तासाला २० ऐवजी जेमतेम १७ गाड्या सुटतील. केवळ पहिल्याइतकीच माणसे नेण्यासाठी या १७ गाड्यांना प्रत्येकी सुमारे ४,७०० प्रवासी घ्यावे लागतील, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के अधिक. दुसऱ्या मजल्यामुळे मिळालेला बराचसा लाभ जुन्या जागेवर परत येण्यातच खर्च होईल. थांबा मिनिटभराने लांबला तर तासाला १५ गाड्या उरतील आणि तोटाच होईल. कोट्यवधी रुपये खर्च करून, पूल पाडून आणि वायर उचलून आपण पहिल्यापेक्षा कमी माणसे नेऊ, ही शक्यता कागदावर तरी पूर्ण उघडी आहे.

याच्या जोडीला दोन अडचणी आहेत, त्या थोडक्यात सांगतो. लोकलला वेगळे इंजिन नसते. तिची ताकद तिच्याच काही डब्यांत वाटलेली असते आणि तेथे ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, कॉम्प्रेसर ही अवजड सामग्री बव्हंशी जमिनीखाली टांगलेली असते. खालचा मजला खोल नेला की ही जागा नाहीशी होते आणि सामग्री टोकांवर, छतावर किंवा प्रवाशांच्या जागेत आणावी लागते. सिंहगडचे डबे ओढायला पुढे इंजिन होते, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवला नाही. दुसरी अडचण वजनाची. एका डब्यात ४०० माणसे आणि माणशी ६० किलो धरले तरी २४ टन निव्वळ माणसांचे वजन होते. ते चार आसांवर पडते, आणि मजला, जिने व वातानुकूलन यांचे वजन त्यावर आणखी चढते.

हे सगळे खरे असेल तर सिडनी आणि पॅरिस यांनी काय केले, असे कोणीही विचारील. दोन्ही शहरांची कथा निरनिराळी आहे आणि दोन्ही बोधप्रद आहेत.

सिडनीने १९६४ पासून दुमजली डबे आणायला सुरुवात केली आणि पुढे तिची सगळी उपनगरी सेवा दुमजली झाली. आठ डब्यांच्या गाडीत सुमारे ९०० आसने मिळतात, आणि लांबवरच्या उपनगरातून तासभर बसून येणाऱ्याला ती सोय फार मोलाची वाटते. मात्र प्रत्येक डब्याला एका बाजूला दोनच दारे आहेत. टाउन हॉल, विनयार्ड यांसारख्या शहरमध्यातील स्थानकांवर सकाळी गाड्या खोळंबतात, आणि एका रुळावर तासाला सुमारे २० गाड्यांच्या पलीकडे जाणे त्या सेवेला कठीण गेले. तेव्हा न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने पुढची वाढ वेगळ्या मार्गाने करायची ठरवली. २०१९ मध्ये तेथे चालकाविना धावणारी मेट्रो सुरू झाली आणि २०२४ मध्ये ती बंदराखालून शहरमध्यात पोहोचली. तिचे डबे एकमजली आहेत, दारे एका बाजूला तीन आहेत आणि आसने कमी आहेत. नव्या बोगद्यांचा व्यासही मुद्दाम इतका लहान ठेवला गेला की दुमजली गाडी त्यात कधी शिरूच शकणार नाही. त्यावरून तेथे मोठा वाद झाला, कारण बसून जाण्याची सवय लागलेल्या प्रवाशांना उभे राहण्याची गाडी ही अधोगती वाटली. त्यांची तक्रार मला समजते. तरी रुळावरून तासाला जाणारी माणसे मोजली तर सरकारचा निर्णय बरोबर होता, असे माझे मत आहे.

पॅरिसची गोष्ट याच्या उलट आहे आणि म्हणूनच अधिक मनोरंजक आहे. तेथील आरईआर ‘ए’ ही रेल्वे शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाते, दिवसाला दहा लाखांहून अधिक प्रवासी नेते, आणि मुंबईकराला ओळखीची वाटेल अशी गर्दी तिच्या शातले-ले-आल स्थानकावर असते. प्रथम तिने गाड्यांमधील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. १९८९ मध्ये नवी सिग्नल प्रणाली बसवून दोन मिनिटांनी एक गाडी सोडण्याची क्षमता निर्माण केली. ती वाट संपली तेव्हा १९९७ पासून दुमजली गाड्या आणल्या, आणि २०१७ पर्यंत त्या मार्गावरील सगळ्या गाड्या दुमजली झाल्या. पण हे डबे सिडनीसारखे नाहीत. त्यांना एका बाजूला तीन दारे आहेत, प्रत्येक दार सुमारे दोन मीटर रुंद आहे, आणि दारांसमोरचे चौक ऐसपैस ठेवून त्यासाठी आसनांवर पाणी सोडले आहे. अशा दोन गाड्या जोडून बनणाऱ्या लांब गाडीत सुमारे २,६०० प्रवासी मावतात, त्यांतील हजाराहून कमी बसतात. म्हणजे पॅरिसने मजल्याआधी दारांचा विचार केला. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये: पॅरिसची ‘भरलेली’ गाडी चौरस मीटरला चार माणसे धरून मोजलेली असते. चौदाच्या हिशेबात त्या चौकांचे आणि जिन्यांचे काय होईल, याचा प्रयोग जगात कोणी केलेला नाही, आणि मुंबईने तो आपल्या प्रवाशांवर करावा असे मला वाटत नाही.

लंडनने प्रयोग केला होता आणि तो लवकर सोडून दिला. तेथील बोगदे व पूल इतके अरुंद आहेत की पूर्ण दुसरा मजला बसत नाही. म्हणून १९४९ मध्ये खालची आणि वरची कक्षे एकमेकांत अडकवून बसवलेल्या दोन गाड्या बांधण्यात आल्या. वरच्या कक्षातील हवा कोंदट असे आणि एका दारातून दोन कक्षांची माणसे बाहेर पडत असल्यामुळे स्थानकांवर वेळ जाई. पुढच्या गाड्या तशा न बांधता लांब बांधण्याचे ठरले, आणि ती दोन नमुनेदाखल गाड्यांची जोडी १९७१ मध्ये निवृत्त झाली.

टोकियोने या प्रश्नाची दोन टोके वेगवेगळी करून टाकली. यामानोते या शहराभोवती फिरणाऱ्या मार्गावर गर्दी अनावर झाली तेव्हा, १९९० च्या सुमारास, तेथे एका बाजूला सहा दारे असलेले डबे जोडले गेले, आणि सकाळच्या गर्दीत त्यांतील आसने भिंतीला मिटून ठेवली जात. मजला वाढवण्याऐवजी दारे वाढवणे, हे त्या मार्गाला सुचलेले उत्तर होते. उलट तोकाइदो, योकोसुका अशा दूरवर जाणाऱ्या मार्गांवर गाडीत दोन डबे दुमजली असतात, ज्यांचे भाडे अधिक असते आणि ज्यांत बसायला मिळावे अशी अपेक्षा असते. उरलेले सगळे डबे एकमजली आणि चार दारांचे. १९९२ मध्ये संपूर्ण दुमजली अशी एक गाडीही तेथे बांधली होती. तिच्या डब्यांना दोनच दारे होती, भर गर्दीत ती वापरणे अवघड गेले, आणि २०२१ मध्ये तिची सेवा संपली.

या सगळ्यातून दुमजली गाडी कुठे शोभते ते आपोआप स्पष्ट होते. जेथे थांबे थोडे असतात, दोन थांब्यांमध्ये अंतर मोठे असते, प्रवासी तासाहून अधिक वेळ बसून जाणार असतो, आणि बहुतेक सगळे एकाच मोठ्या स्थानकावर उतरतात, तेथे ती उत्तम चालते. टोरोंटोच्या गो ट्रान्झिटचे दुमजली डबे अशाच सेवेत आहेत: सकाळी सगळे युनियन स्थानकावर उतरतात आणि तेथे गाडीला वेळ असतो. आपल्याकडची उदाहरणेही याच जातीची आहेत. फ्लाइंग राणीला १९७९ मध्ये दुमजली डबे लागले, आणि सुरत, वलसाड, वापीहून मुंबईला रोज येणाऱ्या पासधारकांनी ते २०२३ पर्यंत वापरले. मुंबई–अहमदाबाद मार्गावर २०१२ मध्ये वातानुकूलित दुमजली गाडी आली, आणि कोकण रेल्वेवर लोकमान्य टिळक टर्मिनस ते मडगाव अशीही एक धावली. या गाड्यांची खरी तक्रार दाराची नव्हती. पाय पसरायला कमी जागा, सामान ठेवायला अपुरे फळकूट आणि कोकणातील वाटेवरचे नागमोडी वळण, अशा प्रवाशांच्या कुरबुरी होत्या. नाशिक, पुणे किंवा सुरतेहून रोज मुंबई गाठणाऱ्यांसाठी दुमजली डब्याचा विचार पुन्हा करायला हरकत नाही.

लोकलपुरते पाहिले तर वरच्या मजल्याचे काम दुसऱ्या एका उपायाने अधिक चांगले होते, आणि तो उपाय आपल्याकडे आहेच. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली की जागा पंचवीस टक्क्यांनी वाढते आणि दारेही बरोबर पंचवीस टक्क्यांनीच वाढतात. प्रत्येक दाराच्या वाट्याला येणारी माणसे तितकीच राहतात, त्यामुळे स्थानकावरचा थांबा लांबत नाही. वरच्या हिशेबातील २० गाड्या २० च राहतात आणि ८०,००० चे १,००,००० प्रवासी होतात, तेही एकही पूल न पाडता. पश्चिम रेल्वेवर अशा गाड्या २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये सुरू झाल्या. त्या इतक्या थोड्या का, याचे कारण अगदी जमिनीवरचे आहे. पंधरा डब्यांना पुरेल एवढा फलाट हवा, आणि धीम्या मार्गावरील अनेक स्थानकांत फलाटाच्या एका टोकाला रस्तापूल, दुसऱ्या टोकाला रुळांची सांधेबदल आणि कडेला वस्ती अशी कोंडी आहे. त्यामुळे मध्य रेल्वेवर ही गाडी मुख्यतः जलद मार्गापुरती राहिली आणि विद्याविहार किंवा कांजूरमार्गला उतरणाऱ्याला तिचा थेट उपयोग झाला नाही. फलाट लांबवणे, सांधे मागे सरकवणे, गाड्या उभ्या करण्याच्या यार्डांत लांब मार्गिका टाकणे आणि दोन गाड्यांमधील अंतर कमी करणारी नवी सिग्नल प्रणाली बसवणे, अशी ही कामे आहेत. ती छायाचित्रात उठून दिसत नाहीत, आणि वाचकांच्या पत्रांत त्यांची मागणीही क्वचितच होते.